जग्वार नेमकं कुणाचं?

प्रश्न : सर, भाऊ सांबऱ्याला एअरफोर्सच्या ट्रेनिंगला आहे, तो म्हणतोय जग्वार लढाऊ विमान ब्रिटिश, मामा म्हणतात फ्रेंच. खरं काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : दोघंही बरोबर! ब्रिटनची बीएसी आणि फ्रान्सची ब्रेगे या विमान कंपन्यांनी १९६६ला मिळून सेपेकॅट कंपनी काढली, हवं होतं ट्रेनर, म्हणजे पायलटना शिकवायचं विमान, पण करता करता जमिनीलगत उडून बॉम्ब टाकणारं विमान झालं. त्याचं अदूर इंजिनपण भागीदारीतलंच, रोल्स-रॉइस आणि टर्बोमेकाचं. आपल्याकडं १९७९ला आलं, नंतर बेंगळुरात एचएएल या सरकारी विमान कंपनीनं लायसन्सवर बनवलं. फोटो नीट बघा, आपल्या जग्वारवर हवेतल्या लढाईची मिसाईल पंखाच्या वर बसवतात, खाली बॉम्बला जागा मोकळी राहते, मला हे डोकं फार आवडतं. आणि बिदरच्या एअरफोर्स तळावरच्या हॉक ट्रेनरमध्येपण अदूरचंच पुढचं मॉडेल आहे, भावाला सांगा.