बॉनेटवरचा योद्धा आणि काचेवरचे महाराज

ओवी बाळा,

परवा पार्किंगमध्ये तू विचारलंस ना, तुझ्या मैत्रिणीच्या मामाच्या लोरायडरच्या, म्हणजे त्या खाली बसवलेल्या, सजवलेल्या गाडीच्या बॉनेटवर पिसांच्या मुकुटातला योद्धा आणि आपल्या मागच्या काचेवर जिरेटोपातले महाराज, एवढ्या जुन्या लढवय्यांना लोक गाडीवर का लावतात? तेव्हा घाईत होते, आता नीट लिहिते.

तो योद्धा म्हणजे मेक्सिकोच्या जुन्या दंतकथेतला पोपोकातेपेत्ल, मी मामांनाच विचारलं. गोष्टीत तो लढाईवरून परत येतो तर त्याची प्रेयसी इस्तासिवात्ल गेलेली असते, तो तिला उचलून डोंगरावर नेतो, मेक्सिको सिटीजवळचे दोन ज्वालामुखी म्हणजे तेच दोघं. हे चित्र हेसूस एल्गेरा या चित्रकारानं कॅलेंडरसाठी काढलं, आपल्याकडे वाण्याच्या दुकानातून देवांची कॅलेंडरं घरोघरी गेली तसंच तिकडे झालं, आणि मग ते इकडे अमेरिकेत गाड्यांवर, टीशर्टवर, टॅटूत आलं.

पण मला खरा भिडतो तो क्वाऊतेमोक, अस्तेकांचा, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळच्या लोकांचा, शेवटचा राजा. आधीचा राजा देवीच्या साथीत गेला आणि भर वेढ्याच्या तोंडावर राज्य या तरुण पोरावर आलं. स्पॅनिश लोकांनी १३ ऑगस्ट १५२१ ला त्याला पकडलं, सोनं कुठंय सांग म्हणून पाय भाजले, १५२५ मध्ये फाशी दिलं. हरला गं तो, तरी मेक्सिकोत आजही लोक मुलाचं नाव क्वाऊतेमोक ठेवतात, फुटबॉलवाला ब्लांको त्याच नावाचा.

आपल्याच सॅन डिएगोत बघ, १९७० मध्ये बारिओ लोगन या मेक्सिकन वस्तीत पुलाखाली पार्क द्यायचं कबूल केलेल्या जागेवर हायवे पोलिसांच्या स्टेशनसाठी बुलडोझर आले. लोक, शाळेतली मुलंसुद्धा, जागेवर जाऊन बसली, हटलीच नाहीत. तोच आजचा चिकानो पार्क (चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन), आणि पुलाच्या त्या खांबांवर नंतर त्यांनी आपले अस्तेक पूर्वज रंगवले. ज्यांना इथे 'तुम्ही बाहेरचे' असं ऐकावं लागतं ना, त्यांनी खांबावरच लिहून ठेवलं की आम्ही कोणाचे आहोत.

आपले महाराज तर जिंकले, ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक करून घेतला. पण फुल्यांनी १८६९ मध्ये त्यांच्यावर पोवाडा लिहिला, पुढे टिळकांनी उत्सव सुरू केला, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं हे लक्षात ठेव. मान खाली असते तेव्हाच लोकांना असा कोणीतरी लागतो, असं मला वाटतं.

आणि आपला स्टिकर. मी इथे नवीन आले तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं, एकदा दुकानाबाहेर एका गाडीवर महाराज दिसले आणि ती गाडी कोणाची ते बघायला मी अर्धा तास उन्हात उभी राहिले. तुझी पुण्याची मावशी म्हणतेस ना, ती तीच.

तुझी,
आई