सुई लावली की गाठ पसरते का?

तुमच्या वडिलांच्या उजव्या फुफ्फुसात 2 सेंटिमीटरची गाठ आहे, डॉक्टर सीटी गायडेड बायोप्सी (सीटी स्कॅनवर बघत सुईने गाठीचा तुकडा काढणं) करा म्हणतात आणि घरात सगळे 'सुई लावू नका, पसरेल' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याही फुफ्फुसात गाठ निघाली तेव्हा आमच्याकडे हे आत्या म्हणाली होती. तिचं ऐकून मी दीड महिना घालवला. सुईच्या वाटेत पेशी पसरणं फार क्वचित घडतं. बायोप्सीशिवाय ती गाठ आहे कशाची हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

माझ्या पेट स्कॅनमध्ये (जास्त साखर खेचणाऱ्या पेशी चमकून दिसतात तो स्कॅन) गाठ चमकली होती. सगळे कॅन्सरच धरून चालले होते, मीसुद्धा.

सीटीच्या टेबलावर मला पालथं झोपवलं. बधिर करायचं इंजेक्शन झोंबलं, पुढे नुसता दाब जाणवला. खरी परीक्षा श्वासाची. फुफ्फुसाबरोबर गाठही हलते, म्हणून दर वेळी तेवढाच श्वास घेऊन थांबायचं. सुई थोडी आत, मग स्कॅन, पुन्हा थोडी आत. तुकडा घेताना खट् असा आवाज होतो. आधी सांगितलं नसतं तर मी दचकलोच असतो.

धोका आहे तो हवा गळण्याचा. साधारण पाचात एकाला फुफ्फुसाभोवती हवा साठते, बहुतेकांची आपोआप जिरते, थोड्यांना छातीत नळी घालावी लागते. माझ्या एक्स-रेत बारीकशी हवा दिसली, म्हणून रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं. खोकल्यातून थोडं रक्तही पडलं. घरी आल्यावर दम लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका. वडील रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर आधीच सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर.

आता मुख्य गोष्ट. तुकडे सहसा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) जातात आणि फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. आमच्या डॉक्टरांनी एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवायला लावला. त्यातच जीन-एक्स्पर्टला (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) टीबी सापडला. टीबीची गाठही पेट स्कॅनमध्ये चमकते, हे मला तेव्हा कळलं. सहा महिने सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या खाल्ल्या, संपलं.

तुमच्याकडेही टीबीच निघेल असं मी म्हणत नाही. कॅन्सर निघाला तर कोणतं औषध लागू पडेल ते ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलकेसारख्या जनुकांच्या तपासण्या त्याच तुकड्यांवर होतात, त्यामुळे नमुना पुरेसा घ्याल ना, हेही विचारा. आणि रिपोर्टात नुसती 'सूज' आली तर सुटलो म्हणून घरी बसू नका, कधी सुई नेमक्या जागी लागलेली नसते.

तोवर वडिलांना रोज पालथं झोपून दहा सेकंद श्वास रोखायला लावा. मी तो सराव केला नव्हता, टेबलावर तीनदा चुकलो.