आईचं नाव काढलं की बाबा रडतात, मग विषयच टाळायचा का?

बोरिवलीच्या एका मुलीने विचारलेला हा प्रश्न अनेक घरांतून येतो. तिचे वडील 74 वर्षांचे, निवृत्त गिरणी कामगार, लालबागच्या चाळीत मुलगा-सुनेबरोबर राहतात. आई जाऊन सात महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तेराव्यानंतर सुनेने चांगल्या मनाने साड्या आवरल्या, फोटो कपाटात ठेवला. बाबांपुढे कुणी आईचा विषय काढेना. बाबा जेवण टाळून चहावर दिवस ढकलू लागले.

आठवणीने रडू येणं म्हणजे दुखणं वाढणं नव्हे. बाबांना जास्त जड जात होतं ते पन्नास वर्षांच्या संसाराबद्दल बोलायला कुणी न उरणं. स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी 1999 साली मांडलं, की शोकात माणूस कधी गेलेल्या व्यक्तीकडे वळतो, कधी रोजच्या कामाधामाकडे. ही ये-जा चालू राहिली की तो हळूहळू सावरतो. इथे दोन्ही वाटा बंद होत्या.

म्हणून रोज संध्याकाळच्या चहाला वीस मिनिटं ठरवली. जवळ एकच माणूस आणि एक वही. "आई कशी होती?" असं विचारलं की "चांगली होती" म्हणून गप्प. त्यापेक्षा वस्तू हातात द्यावी. नातीने पितळी परात पुढे ठेवली आणि "ही कधी घेतली?" एवढंच विचारलं. बाबांनी कडेच्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि 1982 चा संप निघाला. गिरणी बंद, घरात दोन लहान मुलं; तिने याच परातीत कणीक मळून डबे दिले आणि घर चालवलं. नातीला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा रडले, आणि त्या रात्री दोन पोळ्या जेवले.

सुरुवात तरुणपणापासून करावी. आजारपण लांबलेलं असेल तर मन आयसीयूतच अडकतं, आणि तिथूनच बोलणं सुरू झालं तर "आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं" यावरच फिरत राहतं. वीस मिनिटं झाली की बाहेरचं काम: खाली जाऊन भाजी आणणं, नाहीतर तिची आमटी करून बघणं. एक वाटी तूरडाळ, चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, वाटी तिचीच. आमसूल डाळ शिजल्यावर घालायचं, आधी घातलं तर डाळ नीट शिजत नाही. हे बाबांना आठवलं, सुनेला नाही.

बिघडतं कुठे? मुलं मध्येच साल दुरुस्त करतात. किंवा आईची देवी करून टाकतात. तिचा तापटपणा, तिचे हट्ट वगळले की बाबांना त्यात त्यांची बायको सापडत नाही.

साड्यांचे तीन गठ्ठे करावेत: ठेवायच्या, द्यायच्या, नंतर ठरवायच्या. तिसरा मोठा असला तरी चालेल. तिच्या मोबाइलमधले व्हॉइस मेसेज मात्र लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो, आणि व्हॉट्सॲप खातं साधारण 120 दिवस न वापरल्यास काढून टाकलं जातं.

सहा वर्षांचा नातू "आजी कधी येणार?" विचारत होता. "झोपली" किंवा "गावाला गेली" म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. "आजीचं शरीर चालायचं थांबलं, ती परत येणार नाही, पण आपण तिच्याबद्दल बोलू शकतो." इतकं पुरतं. तो पुन्हा विचारेल. उत्तर तेच द्यावं.

जेवण तुटलं, वजन उतरलं, विसरभोळेपणा अचानक वाढला, तर डॉक्टरांकडे न्यावं. म्हातारपणी नैराश्य विसराळूपणाच्या रूपातही दिसतं. "आता जगून काय करू" हे ऐकलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं. वर्ष उलटूनही रोज तीच तीव्र ओढ आणि दिनक्रम ठप्प, तर तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो; त्यावर वेगळे उपचार आहेत.

वर्षश्राद्धाचा दिवस जड जातो, म्हणून त्याची आखणी महिनाभर आधी करावी. कुणाला बोलवायचं, जेवायला काय करायचं, फोटो कुठला लावायचा, हे बाबांनी ठरवावं.