काउंटर १०० एफपीएस दाखवतो, तरी गेम झटके का खातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राइझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅमची एकच स्टिक, नवीन आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर, विंडोज ११. कोपऱ्यातला काउंटर १०० च्या आसपास असतो, पण गेम मधेमधे झटके खातो. प्रोसेसर बदलावा का?

आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलेल्या यादीतच निदान तीन संशयित आहेत आणि त्यातल्या दोघांना काही खर्च नाही. पण आधी तो १०० चा आकडा बाजूला ठेवा, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं), ही सेकंदाभराची सरासरी असते. एका सेकंदात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलीसेकंदात आल्या आणि एक फ्रेम १०९ मिलीसेकंद अडकली, तर बेरीज बरोबर १००० होते. काउंटर १०० दाखवतो आणि तो खोटंही बोलत नाही. पण त्या एका फ्रेमपुरतं १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरने तेच चित्र पंधरा वेळा पुन्हा दाखवलेलं असतं. डोळ्याला आणि माउसवरच्या हाताला जाणवतो तो हा खड्डा. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी फ्रेममागून फ्रेम मोजून हे दाखवून दिलं, तेव्हापासून चांगले रिव्ह्यू फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख देतात. माझ्या मते ज्या रिव्ह्यूत फक्त सरासरी एफपीएसचे पट्टे असतात, त्यावरून कार्ड घेऊ नये.

तर तुमच्या मशीनवर तो आलेख आधी बघा. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्यासोबत रिवाट्यूनर येतो. सेटिंग्जमधल्या मॉनिटरिंग टॅबमध्ये ‘फ्रेमटाइम’वर टिक करा, खाली ‘ऑन-स्क्रीन डिस्प्ले’ सुरू करा आणि ‘टेक्स्ट’च्या जागी ‘ग्राफ’ निवडा. जीपीयू (ग्राफिक्स चिप) युसेज, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, ग्राफिक्स मेमरी आणि तापमानही चालू करा. मेमरीचे दोन आकडे मिळतात. ज्याच्या नावात ‘प्रोसेस’ आहे तो त्या गेमचा खरा वापर, दुसऱ्यात बाकीचे प्रोग्रामही धरलेले असतात. आता गेम खेळा आणि रेषेकडे लक्ष ठेवा. १०० एफपीएसला ती १० मिलीसेकंदांवर जवळपास सपाट हवी. ती कशी बिघडते यावरून रोग कळतो.

रेषा सतत करवतीसारखी दातेरी असेल, विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, तर पहिला संशय रॅमवर घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ‘स्पीड’समोर ३२०० आहे का? डब्यावर ३२०० छापलेलं असलं तरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केल्याशिवाय ती स्टिक बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. हिशोब सरळ आहे. २४०० वरच्या एका स्टिकची बँडविड्थ सेकंदाला १९.२ जीबी, ३२०० वरच्या दोन स्टिकची ५१.२ जीबी. म्हणजे तुमचा प्रोसेसर कदाचित चाळीस टक्क्यांहून कमी पुरवठ्यावर चाललाय. त्यात ३६०० ची रचना वेगळी आहे: सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाचा १६ एमबीचा वेगळा कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी), आणि एका गटाचं दुसऱ्याशी बोलणं इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या आतल्या जोडणीतून होतं. फॅब्रिकचा वेग साधारणपणे रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम मंद चालली की कोरांचं आपसातलं बोलणंही मंदावतं.

सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात. सेव्ह करून रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळीच राहिली आणि पीसी दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला तर घाबरू नका. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, जमलं नाही तर जुन्या वेगावर परत येतो. अगदीच उठला नाही तर पॉवर सप्लायचं बटण बंद करून, वायर काढून, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा.

नंतर दुसरी स्टिक घ्या. तुमच्या बाबतीत खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा. शक्यतो तेच मॉडेल घ्या, ते मिळत नसेल तर दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा जोड घ्या. वेगवेगळ्या स्टिक लावल्या तर दोन्ही मंद असलेल्या स्टिकच्या वेगाने चालतात, आणि कधीकधी तासाभराने गेम डेस्कटॉपवर फेकतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. शेजारीशेजारी पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर अनेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच वाटेवर) जातात आणि पैसे फुकट जातात. लावून झाल्यावर सीपीयू-झेड या ॲपच्या मेमरी टॅबमध्ये चॅनल आणि वेग तपासा. तिथे १६०० दिसलं तर ते बरोबर आहे, डीडीआरचा आकडा त्याच्या दुप्पट धरतात. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ एकदा पूर्ण चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी तो जोड परत करा.

रेषा सपाट आहे, आणि अचानक एक-दोन सेकंद सगळंच अडकतं, आवाजही तुटतो, डेस्कटॉपवरसुद्धा कधी तसंच होतं? मग हा गेमचा दोष नाही. एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं होतं की काही राइझेन मशीनमध्ये एफटीपीएम, म्हणजे सुरक्षा-किल्ल्या सांभाळणारा भाग, मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी लांबलचक व्यवहार करतो आणि तेवढा वेळ मशीन अडखळतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो (एफटीपीएम हा त्याचाच प्रकार), त्यामुळे तुमच्या बोर्डवर तो चालू असणार. उपाय बायोस अपडेटचा आहे: एजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेला बायोस बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून घ्या, तुमच्या बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन अक्षरशः जुळवून.

इथे एक गोष्ट विसरू नका. बायोस बदलला की एफटीपीएमच्या किल्ल्या पुसल्या जाऊ शकतात. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती आधी लिहून ठेवा, एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा, मगच अपडेट करा. काही व्हिडिओंमध्ये एफटीपीएम सरळ बंद करायला सांगतात. ते करू नका. व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम बंद असेल तर सुरूच होत नाहीत.

पंधरा-वीस मिनिटं छान चालतं आणि मग बिघडतं, तेव्हा दोन कारणं वेगळी काढावी लागतात. प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांवर जाऊन क्लॉक (त्याचा वेग) पडत असेल तर धूळ, पंखा, जुनी थर्मल पेस्ट बघा. हे चटकन सुटतं. तापमान ठीक असेल तर ग्राफिक्स मेमरी भरत असणार. तुमच्या जोडणीत याचा फटका नेहमीपेक्षा मोठा बसतो. ४०६० ची स्वतःची ८ जीबी मेमरी सेकंदाला २७२ जीबी वाहून नेते. ती भरली की उरलेले टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) रॅममध्ये ठेवावे लागतात आणि पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावे लागतात. ४०६० त्या वाटेच्या आठच लेन वापरतं, आणि बी४५० वर त्या तिसऱ्या पिढीच्या आहेत: सेकंदाला जेमतेम ८ जीबी. एवढ्या मोठ्या नदीचं पाणी बागेच्या पाइपातून आणायचं, म्हणून तो झटका बसतो. टेक्स्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणा. सरासरी एफपीएस बहुतेक तेवढाच राहील, पण रेषेतले सुळके जातील. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र काढणं) आणि फ्रेम जनरेशन (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) दोन्ही मेमरी खातात, मागे उघडा असलेला ब्राउझरही खातो.

एखादाच उंच सुळका, तोही काही नवीन दिसलं की. पहिल्यांदा स्फोट झाला, पहिल्यांदा दार उघडलं, नवा शत्रू आला. हा शेडरचा प्रकार, आणि पीसी गेमिंगमधलं माझं सगळ्यात जुनं दुखणं. प्रत्येक चकाकी, धूर, पाणी यांच्यामागे एक छोटा प्रोग्राम असतो आणि तो तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी, तुमच्या ड्रायव्हरसाठी तुमच्याच मशीनवर कम्पाइल व्हावा लागतो. कन्सोलमध्ये हार्डवेअर ठरलेलं असतं, म्हणून तो तयारच मिळतो. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रालाही ते बनवणारी वाल्व्ह कंपनी तयार शेडर पाठवू शकते ते त्याच कारणाने. पीसीवर ही तयारी गेमने आधी केली नाही तर ती ऐन लढाईत होते.

पडताळायला सोपं आहे. तोच सेव्ह पुन्हा लोड करा आणि तेच दार पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा सुळका आला नाही तर शेडर. दर वेळी त्याच उंबरठ्यावर येत असेल तर गेम तिथे नकाशाचा पुढचा तुकडा लोड करतोय. त्यावर गेम एसएसडीवर ठेवण्यापलीकडे तुमच्या हातात फारसं नाही, ते गेम बनवणाऱ्यांनीच दुरुस्त करायला हवं आणि आपण रिव्ह्यूमध्ये ते स्पष्ट लिहायला हवं. शेडरसाठी मात्र तीन गोष्टी करा. सुरुवातीला ‘शेडर कम्पाइल होत आहेत’ असं आलं तर ते पूर्ण होऊ द्या, सहा कोरांना वेळ लागतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशची मर्यादा १०० जीबी करा. आणि ‘कॅश साफ करा, गेम वेगवान होईल’ हा सल्ला ऐकू नका: साफ केलात की सगळे झटके पहिल्यापासून सुरू. ड्रायव्हर अपडेटनंतर पहिला तासभर तेच होतं, म्हणून महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी ड्रायव्हर बदलू नये.

आता फ्रेम जनरेशन. तुमचे १०० त्यामुळे येत असतील तर खऱ्या फ्रेम पन्नासच आहेत, उरलेल्या दोन खऱ्यांच्या मधे भरलेल्या. माउसचा प्रतिसाद पन्नासाचाच, किंबहुना किंचित मंद, कारण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम अडवून ठेवावी लागते. मूळ झटकाही तसाच राहतो. खऱ्या फ्रेम ६० च्या वर असतील तर हे तंत्र मला मनापासून आवडतं, पण ते बंद करूनच निदान करा. २०२५ च्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात एनव्हिडियाने ५०७० कार्डाला आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० ची कामगिरी मिळते असं सांगितलं, ते मल्टी फ्रेम जनरेशन (एका खऱ्या फ्रेममागे अनेक बनवलेल्या) धरून. अशा तुलनेने तुमच्यासारख्या खरेदीदाराची दिशाभूल होते आणि ती थांबायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं करून झाल्यावर एफपीएसला मर्यादा घाला. रेषा ज्या आकड्याला सपाट राहते तो शोधा. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारं तंत्र) असेल तर ९० चालेल, जमत असेल तर १३८, म्हणजे १४४ च्या जरा खाली. नसेल तर ७२, कारण मग प्रत्येक चित्र बरोबर दोन रिफ्रेश (मॉनिटरच्या चित्र ताजं करण्याच्या फेऱ्या) टिकतं. झुलणाऱ्या ११० पेक्षा स्थिर ७२ डोळ्याला गुळगुळीत वाटतं. जाता जाता, विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये मॉनिटर ६० वर तर नाही ना, तेही बघून घ्या. आणि माउसचा पोलिंग रेट (सेकंदाला तो किती वेळा जागा कळवतो) ८००० असेल तर १००० करा, ३६०० ला तो भार विनाकारण आहे.

प्रोसेसरचा निर्णय सगळ्यात शेवटी, तोही एका चाचणीवर. गेमचं रिझोल्यूशन ७२० वर आणा. एफपीएस वाढला नाही, जीपीयू ६०-७० टक्क्यांवरच राहिला आणि दाते तसेच राहिले, तर अडथळा प्रोसेसरच आहे. एकूण वापर ५० टक्के दिसतो म्हणून फसू नका, गेमचा मुख्य थ्रेड (एकापाठोपाठ चालणारी कामांची साखळी) एकाच कोरवर अडकलेला असू शकतो. अशा वेळी बोर्ड बदलायची गरज नाही. बायोस नवीन असेल तर बहुतेक बी४५० बोर्डांवर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसतो. त्यातला ९६ एमबीचा एकसंध कॅश सरासरीपेक्षाही जास्त फायदा त्या वाईट फ्रेमना करून देतो, कारण प्रोसेसरला रॅमकडे कमी वेळा धावावं लागतं.

प्रत्येक बदल एकटा करा. कॅपफ्रेमएक्स या फ्रेम मोजणाऱ्या ॲपमध्ये गेमचा तोच साठ सेकंदांचा रस्ता बदलाआधी तीनदा आणि नंतर तीनदा रेकॉर्ड करा, आणि ‘१% लो’ची (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेल्या एफपीएसची) तुलना त्याच एका ॲपमध्ये करा. वेगवेगळी ॲप तो आकडा वेगवेगळ्या रीतीने काढतात. एक्सएमपी आणि दुसऱ्या स्टिकनंतरचे आलेख इथे टाकलेत तर पुढचं त्यावरून सांगता येईल.