पांढरं खोटं नको, आणि लोणकढीही नको

नागपुरातल्या धंतोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बालवाडीच्या पालकांसाठी असलेलं एक इंग्रजी पत्रक त्या मराठीत करताहेत. त्यात मुलांसमोर 'व्हाइट लाय', म्हणजे निरुपद्रवी खोटंसुद्धा सांगू नका, असं वाक्य आहे. एका मैत्रिणीने 'पांढरं खोटं' सुचवलं, दुसरीने 'लोणकढी थाप'. बरोबर कोणतं? आणि आपल्याकडचं 'लबाड बोलणे', म्हणजे खोटं बोलणे, छापील मराठीत चालेल का?

'पांढरं खोटं' आधी खोडा. हा शब्द जाहिरातींतून, डब केलेल्या मालिकांतून रोज कानावर आदळतो आणि दर वेळी डोकं उठतं. मराठीत पांढरं म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी ठरवलं? पांढऱ्या पायाची म्हणजे अपशकुनी. पांढरं कपाळ म्हणजे काय, ते सांगायला नको. नागपुरात तर आणखी गोची आहे. इथे बर्डीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी निम्मं हिंदी कानावर पडतं, आणि हिंदीतलं 'सफेद झूठ' म्हणजे धडधडीत, निर्लज्ज खोटं. म्हणजे तुम्ही लिहिणार 'पांढरं खोटं', लिहिताना मनात 'साधंसं, कुणाचं वाईट न करणारं', आणि इतवारीतला पालक वाचणार 'ढळढळीत थाप'. अर्थ नेमका उलटा.

आता लोणकढी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण इतका रसरशीत शब्द मराठीत दुसरा दाखवता येणार नाही.

लोणी अधिक कढणे. लोणकढं तूप म्हणजे लोणी नुकतंच कढवून काढलेलं तूप. तुपाचं हे विशेषण थापेला लागलं. 'कढणे' संस्कृत 'क्वथ्'वरून आलं. काढा त्याचाच, कढीही त्याचीच. (कढई मात्र या घराण्यातली नाही, ती 'कटाह'ची लेक.) खरी मजा लोण्यात आहे. लोणी आलं 'नवनीत' या शब्दातून. 'नव'चं 'नो' झालं, पालीत 'नोनीत' असं रूप आहेच, आणि मग सुरुवातीच्या न चा ल झाला. न चा ल होतो का, अशी शंका असेल तर अंगणातल्या झाडाकडे बघा : निंबाचा लिंब झालाच ना? तर नवनीत म्हणजे नव्याने काढलेलं. म्हणजे 'लोणकढी' या शब्दाच्या पोटातच 'नवं' दडून बसलंय, आणि त्यावर 'आत्ताच कढवलेलं' याचा दुसरा थर. लोणकढी थाप म्हणजे ताजी थाप. जागच्या जागी, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तयार केलेली.

काही जण छातीठोकपणे सांगतात की इथलं 'लोण' म्हणजे लवण, मीठ, आणि लोणकढी म्हणजे मीठमसाला घातलेली बातमी. साफ चूक. लवणाचं 'लोण' होतं हे खरं, लोणचं त्यातूनच आलं. पण मीठ घालायला मराठीत 'तिखटमीठ लावणे' हा वेगळा वाक्प्रचार आहे, आणि त्यात मूळ गोष्ट खरी असते, वरून फक्त चव वाढवलेली असते. लोणकढीत मूळ गोष्टच नसते. शिवाय मीठ 'कढवून' त्याची थाप कशी होणार, हे त्या मंडळींनी एकदा सांगावं. 'लोणकढं तूप' हा शब्द त्यांच्या घरातल्या डब्यावर छापलेला असतो, तोही ते वाचत नाहीत.

थाप कढवलेल्या तुपाचीच का झाली, याबद्दल माझं एक मत आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. ज्याने लोणी कढवताना पाहिलंय त्याला ते पटेल. मंद आचेवर लोणी वितळतं, वर पांढरा फेस येतो, आतलं ताक तडतडतं. तो आवाज हळूहळू कमी होत जातो आणि थांबला की तूप झालं. एक क्षण उशीर झाला तर बेरी करपते. पण त्या नेमक्या क्षणी असा वास सुटतो की शेजारचं पोरगंही दारात येऊन उभं राहतं. चांगल्या थापेचं हेच असतं. नेमक्या वेळी उतरवावी लागते, आणि वासानेच माणूस गार होतो, चव घेऊन बघत नाही. तेच तूप महिनोन्महिने डब्यात राहिलं की खवट होतं. म्हणून वर्षानुवर्षं तीच अफवा फिरवणाऱ्याबद्दल वर्तमानपत्रं 'लोणकढी थाप' लिहितात, तेव्हा माझा जीव तुटतो. ती खवट थाप आहे हो, लोणकढी नव्हे.

आणि बघा, 'थाप' हा शब्दही हाताचा आणि स्वयंपाकघरातला. पाठीवर थाप, तबल्यावर थाप, आणि भाकरी थापतात ती परातीत. तळहाताने आकार दिलेली ती थाप.

तर मुद्दा असा की 'लोणकढी' आणि 'व्हाइट लाय' खोट्याला दोन वेगळे प्रश्न विचारतात. लोणकढी विचारते, कधी बनवलं? व्हाइट लाय विचारते, कशासाठी बोललास? महाभारतातली सगळ्यांना ठाऊक असलेली थाप घ्या. भीमाने आधी मालवराजाचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, मग युधिष्ठिर द्रोणांना मोठ्याने म्हणाला अश्वत्थामा मारला गेला, आणि 'हत्ती' हे अस्पष्ट पुटपुटला. ('नरो वा कुंजरो वा' हे शब्द आपण जोडलेले. द्रोणपर्वात 'अव्यक्तम्' पुटपुटलेलं 'हतः कुञ्जरः' आहे.) ही थाप पूर्वतयारीची, म्हणून लोणकढी नव्हे. द्रोणांचा जीव गेला, म्हणून निरुपद्रवीही नव्हे. दोन्ही शब्दांत ती बसत नाही, आणि दोन्ही शब्द वेगळे आहेत याचा याहून चांगला पुरावा मला नको.

हेतूवरून खोट्याची प्रतवारी आपल्याकडे झालीच नाही असं मात्र नाही. आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला सांगते की थट्टेत, स्त्रियांशी, लग्नाच्या वेळी, जीव जाताना आणि सर्वस्व लुटलं जाताना बोललेलं, ही पाच अनृतं, म्हणजे खोटी बोलणी, 'अपातक' आहेत, त्यांचं पाप लागत नाही. ती हे सांगते तेव्हा तिला ययातीचं मन वळवायचं असतं, हे विसरू नका. तिकडे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने खोट्याचे आठ प्रकार केले आणि आठही पापच ठरवले. जर्मन तत्त्वज्ञ कांट 1797 मध्ये आणखी पुढे गेला. मित्राचा जीव घ्यायला आलेला मारेकरी दारात उभा राहून विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं त्याने बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताला उत्तर दिलं. मला कांटचं पटत नाही. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला ज्याची गोष्ट सांगतो तो कौशिक अगदी हेच करतो, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगतो, आणि त्या सत्यवचनापायी नरकात जातो. माझं मत कृष्णाच्या बाजूने.

पण तुमच्या पत्रकातली गोष्ट जिवावरची नाही, जेवणाच्या ताटावरची आहे. 'सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्' हा मनूचा श्लोक लोक 'न ब्रूयात् सत्यमप्रियम्'पर्यंत म्हणतात आणि तिथेच थांबतात. पुढचा चरण 'प्रियं च नानृतं ब्रूयात्' असा आहे. गोड वाटावं म्हणूनही खोटं बोलू नये. म्हणजे पाहुणा सावजी रस्सा खातोय, डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, आणि यजमानाला म्हणतोय, 'तिखट कुठं जी, मस्त झालं!' नेमकं हेच मनूने मना केलंय, आणि नेमकं हेच तुमचं पत्रकही मना करतंय.

यासाठी मराठीने नाम घडवलं नाही, क्रियापदं घडवली : मन राखणे, वेळ मारून नेणे. इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, हा हट्ट सोडा. 'मुलांसमोर कुणाचं मन राखायलाही खोटं बोलू नका' असं सरळ लिहा.

'लबाड बोलणे' राहिलंच. 'लबाड' हे विशेषण आहे, ते बोलता येत नाही, असं सांगून पुण्याचे संपादक त्यावर लाल रेघ ओढतात. मग 'गोड बोलणे', 'खोटं बोलणे' यांत काय आहे? तीही विशेषणंच. 'तो लबाड बोलते' हे इथलं घराघरातलं वाक्य आहे आणि व्याकरणाने त्याला हरकत नाही. पत्रक नागपुरातच वाटणार असाल तर बिनदिक्कत छापा. फक्त ते 'पांढरं' छपाईला जाण्याआधी खोडलंय ना, तेवढं एकदा बघून घ्या, ताई.