२०० एचपीच्या नॉन-टर्बो गाडीला ३ इंची एक्झॉस्ट पाइप बसवावा का?

नको. २०० एचपीला ३ इंच फार होतात, सव्वादोन ते अडीच इंच पुरे.

ढोबळ हिशेब असा: दर ५० एचपीला पाइपच्या आतलं १ चौरस इंच क्षेत्रफळ धरा. २०० एचपीला ४ चौरस इंच, म्हणजे आतला व्यास साधारण २.२५ इंच. आतला म्हणतोय, कारण पाइप विकतात बाहेरच्या मापाने आणि पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते. पुढे पॉवर वाढवणार असाल तर सरळ अडीच इंची घ्या.

‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर (धूर बाहेर जाताना पाइपमधून येणारा उलटा दाब) लागतंच’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते चूक आहे. बॅकप्रेशर कोणत्याच इंजिनाला नको असतं, हवा असतो तो वायूचा वेग. वेगाने निघालेला झोत मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की हा वेग पडतो, आणि कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, गाडी मरगळते. रोजच्या चालवण्यात नेमका तिथलाच टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) लागतो हो!

टर्बो, म्हणजे धुराच्या झोताने टर्बाइन (पात्यांचं चाक) फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, असता तर उत्तर वेगळं असतं. टर्बाइननंतर जितका मोकळा पाइप, तितका टर्बो लवकर फिरतो. तिथे ३ इंच खुशाल घाला.

आणखी एक, वळणं मँड्रेल बेंडचीच (पाइपच्या आत आधार घालून वाकवलेली) करून घ्या. साध्या बेंडिंगमध्ये पाइप वळणावर चेपतो आणि अडीच इंचाचे पैसे देऊन तिथे सव्वादोनच मिळतात.