अजून काय सोडू?

"गहू सोडून वर्ष होत आलं मॅडम, तरी डोकं दुखायचं काही थांबत नाही." ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. बोलणारं माणूस बदलतं, पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो, "आता अजून काय सोडू?"

हा प्रश्न सगळ्यात नेटाने विचारणाऱ्या एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय 38, घर कोपरीत, नोकरी ऐरोलीला. सीलिअ‍ॅक आजार (यात ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींतून नक्की झालेला. म्हणजे ग्लूटेन असलेली गहू, जव आणि राय ही धान्यं जन्मभर बंद, त्यात घासाघीस नाही. पोट चार महिन्यांत शांत झालं, पण अर्धशिशी उलट वाढली. मग त्यांनी दूध सोडलं. नंतर टोमॅटो, शेंगदाणे, आंबवलेलं सगळं. माझ्यासमोर त्यांनी एक वही ठेवली. डाव्या पानावर 'बंद', उजव्यावर 'चालतं'. डावी यादी उलटून मागच्या पानावर गेली होती.

अशा वेळी पहिला संशय लपून आलेल्या ग्लूटेनवर घ्यावाच लागतो, आणि मराठी स्वयंपाकघरात त्याला लपायला जागा पुष्कळ. फोडणीतला हिंग घ्या. बाजारातला बहुतेक हिंग बांधणीचा असतो, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डब्यावरचे घटक वाचायचे आणि तांदळाच्या पिठातला किंवा डिंकातला हिंग आणायचा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांत गहू किंवा जव असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. आणि सगळ्यात मोठी चूक गिरणीत होते. ज्वारी स्वच्छ निवडून नेली तरी तिच्याआधी त्याच जात्यातून कुणाचा गहू गेलेला असतो. 'पहिला किलो बाजूला काढा' हा गिरणीवाल्याचा तोडगा सीलिअ‍ॅकला पुरत नाही. भारतात 'ग्लूटेन-फ्री' लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, जात्याच्या फटीत अडकलेलं पीठ ती सहज ओलांडतं. घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, तवा वेगळा ठेवावा. चाळणी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जाळीत अडकलेली कणीक धुऊनही निघत नाही.

ताईंनी हे सगळं महिन्याभरात केलं. पुढच्या तपासणीत टीटीजीचा (या आजाराच्या रक्तचाचणीचा) आकडा नॉर्मल आला, म्हणजे पोटात फारसं ग्लूटेन जात नसावं. फेरिटिन मात्र तळाला होतं. हिमोग्लोबिन बरं दिसत असताना लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून सीलिअ‍ॅक असलेल्यांनी फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं. डोकं मात्र महिन्यातले 17 दिवस दुखतच होतं.

"म्हणजे कुठेतरी अजून ग्लूटेन आहे," त्या म्हणाल्या. वही उघडलेलीच होती.

मी यादीवर काम करत नाही, घड्याळावर करते. आहार म्हणजे कोणता पदार्थ हे सगळे विचारतात, किती वाजता हे कुणी विचारत नाही. अर्धशिशीच्या मेंदूला तर एकसारखेपणा हवा असतो. झोप, पाणी, चहा, जेवण, कशाचीही वेळ हलली की तो कुरकुरतो. म्हणून त्यांना 28 दिवस तीनच रकाने भरायला सांगितले होते. काय आणि किती वाजता खाल्लं, डोकं किती वाजता सुरू झालं, कोणती गोळी घेतली. 17 पैकी 12 वेळा दुखणं अकरा ते एकच्या दरम्यान सुरू झालेलं. खाण्याच्या रकान्यात सकाळी फक्त 'चहा', मग थेट 1.15 ला 'डबा'.

मी म्हटलं, "कालची सकाळ सांगा. उठल्यापासून."

"साडेपाचला उठले, चहा घेतला. भाजी, मग पोळ्या. मुलाचा डबा, ह्यांचा डबा, आईंच्या दोन. माझी भाकरी शेवटी. तोवर सात वाजतात, मग डब्यात टाकते आणि ट्रान्स-हार्बर लोकल पकडते."

"गहू चालू होता तेव्हा सकाळी काय खायचात?"

"काही नाही. तेव्हाही नुसता चहाच." थोडं थांबून हसल्या. "म्हणजे, शेवटची पोळी तव्यावरून काढली की तूप-साखर लावून गुंडाळायची आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खायची. ते काय खाणं म्हणायचं?"

"आता तिच्या जागी काय?"

"पोळी बंद ना आता."

"हो. तिच्या जागी काय आलं?"

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. 'बंद'च्या यादीत पहिलंच नाव पोळीचं होतं. "काहीच नाही," त्या म्हणाल्या.

मग दोघींनी मिळून तास मोजले. रात्रीचं जेवण नऊला. पूर्वी साडेसहाला पोळी, म्हणजे साडेनऊ तासांचा उपास. आता सव्वाला डबा, म्हणजे सव्वासोळा तासांचा. आणि डोकं दुखलं की मळमळ, मळमळ झाली की डबा अर्धा परत, आणि घरी येऊन वहीत अजून एक पदार्थ 'बंद'. आजारपणात सोडलेल्या वस्तूसोबत काय काय सुटतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझ्या कामाचा निम्मा भाग हा हिशेब मांडणं आहे, आणि इतक्या वर्षांत तो वाया गेल्याचं फारसं आठवत नाही.

उपाय साधा दिसतो, पण करायला बसलं की अडतं. उठल्यापासून तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं. रात्रीच दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ वाटीभर ताकात कालवून ठेवायचं, सकाळी कपभर उकळत्या पाण्यात सोडून सहा-सात मिनिटं ढवळत शिजवायचं, आंबील तयार. नाहीतर तांदळाच्या पिठाचं घावन. वाटीभर पिठाला दोन वाट्या पाणी, भजीपेक्षा खूप पातळ, ताकासारखं. तवा चांगला तापलेला हवा, नाहीतर चिकटतं. नुसतं घावन दोन तासांत जिरतं, म्हणून सोबत अंडं किंवा मुगाच्या डाळीचं धिरडं. साडेदहाला ऑफिसात मूठभर शेंगदाणे आणि गूळ. (शेंगदाणे त्यांनी सोडले होते. रकान्यांत शेंगदाण्याचा आणि दुखण्याचा काही मेळ दिसला नाही, तेव्हा परत सुरू केले. दूधही.)

डब्यातली भाकरी दुपारी वाळून चामडं होते, म्हणून अर्धी परत येते, ही तक्रारही खरी. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं, उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं आणि भाकरीची वाफ जिरल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. तांदळाची उकडीची भाकरी त्याहून जास्त वेळ मऊ राहते.

अडलं ते भलतीकडेच. "सगळ्यांच्या आधी मी खायला बसू? आई काय म्हणतील?"

"लोहाची गोळी सगळ्यांच्या नंतर घेता का?"

"गोळीचं वेगळं."

"वेगळं नाही. आणि दुसरं कारण ऐका. कणीक डब्यातून निघाली की ओट्यावर, हवेत, हातावर पीठ उडतं. तुमचं खाणं त्याच्या आधी झालं तर ते त्यात पडणार नाही." हे कारण त्यांना घरात सांगता येण्यासारखं होतं. कधीकधी एवढंच हवं असतं.

तिसऱ्या रकान्यात दुसरी गोष्ट दडली होती. कॅफीन मिसळलेली वेदनाशामक गोळी, महिन्यातले 14 दिवस. अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, अथवा साधी पॅरासिटामॉल 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. सोडताना पहिले दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं, म्हणून हे मनाने करायचं नाही. मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ती गोळी थांबवून प्रतिबंधक औषध सुरू केलं. रविवारी उशिरा उठल्यामुळे पहिला चहा नऊला होत होता, तोही साडेसहाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरलं. कॅफीनची सवय असलेल्यांचं डोकं शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत दुखू लागतं.

संकष्टीला दिवसभर काही न खाता चंद्रोदयाची वाट बघणंही सोडायला सांगितलं. साबुदाणा, वरई, राजगिरा या सगळ्यांत ग्लूटेन नाही, तेव्हा सकाळीच फराळ करायला हरकत कसली?

ज्यांनी तपासणी न करता, कुणाचं ऐकून गहू सोडला आहे, त्यांच्यासाठी एक अडचण वेगळी. गहू बंद असताना केलेली सीलिअ‍ॅकची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. ती करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान सहा आठवडे रोज गहू खाऊन करावी लागते. सीलिअ‍ॅक असलेल्यांत अर्धशिशी इतरांपेक्षा जास्त आढळते आणि काहींची गहू सोडल्यावर कमीही होते. सीलिअ‍ॅक नसेल तर गव्हाचा आणि डोक्याचा संबंध फारसा पक्का नाही, तेव्हा आधी घड्याळ बघा. आणि क्षणात शिगेला पोहोचलेलं दुखणं, तापासोबत ताठलेली मान, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, यांत रकाने भरत बसायचं नाही, सरळ इस्पितळ गाठायचं.

ताईंचे 17 दिवस चौथ्या महिन्यात 5 वर आले. त्यातले तीन पाळीच्या आधीचे. ते संप्रेरकांच्या उतारामुळे येतात आणि बहुधा येत राहतील. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या दुखणं चढण्याआधी घेतात. वही आता घरीच असते. घरात सव्वासहापर्यंत कणकेचा डबा फडताळातून निघत नाही. ताईंचं घावन ताटलीत पडलं की सासूबाई स्वतःच तो काढून देतात.